वाचकांचे प्रश्न: ताडपत्री घातली, तरी गवत कुजलंच कसं?

या वेळी आलेली पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची निघाली, उघड्यावर रचलेले गवताचे गठ्ठे आणि पाऊस. शेड असतं तर हा प्रश्नच आला नसता असं जवळपास प्रत्येकाने लिहिलंय, खरंय ते, पण शेड नाही म्हणूनच तर विचारताय ना. तेव्हा बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त गवत.

प्रश्न: नमस्कार काका, मी मोकळ्या जागेत साधारण 300 चौकोनी गठ्ठे रचले होते, थप्पी 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, पाच थर, वरून सपाट. त्यावर भलीमोठी ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडली, कडेने दगड लावले आणि अगदी पॅक करून टाकलं, मुंगी जायला जागा ठेवली नाही. दीड महिन्याने उघडलं तर खालचा अख्खा थर काळा पडलेला आणि सगळ्यात वरचा थर ओला. गंमत म्हणजे ताडपत्री कुठेही फाटलेली नाही. मग हे पाणी आलं कुठून?

उत्तर: दादा, "पॅक करून टाकलं" इथपर्यंत वाचलं आणि पुढचं न वाचताच कळलं काय झालं असणार ते. गवताला पाणी तीन ठिकाणांहून भेटतं. एक वरून पाऊस, दुसरं खालून जमिनीची ओल, आणि तिसरं गवताच्या स्वतःच्या अंगातलं. तुम्ही पहिल्याचा एवढा कडक बंदोबस्त केलात की उरलेल्या दोघांना बाहेर पडायला वाटच राहिली नाही.

आधी खालचं घेऊ कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते आणि लोक सगळ्यात कमी लक्ष तिथेच देतात. वाळलेलं गवत दिव्याच्या वातीसारखं वागतं, जमिनीला टेकलं की ओल वर ओढून घेतं, त्यासाठी त्यावर पाऊस पडावाच लागतो असं नाही. शेजारची जमीन भिजली तरी पुरतं. खालच्या थराला वारा नाही, ऊन नाही, वरून चार थरांचं वजन, म्हणजे एकदा आत गेलेली ओल सुकायचा प्रश्नच नाही, ती तिथे बसून गवत सडवत राहते. म्हणून थप्पी जमिनीवर रचायचीच नाही. लाकडी पॅलेट मिळाले तर उत्तम, नाहीतर ओंडके, जुने टायर, काहीही चालेल, फक्त गठ्ठा आणि जमीन यांच्यामध्ये हवा खेळेल एवढी फट हवी. कायमची जागा करायची असेल तर मोठ्या खडीचा 10-15 सेंटिमीटरचा थर टाका, खडीतल्या पोकळ्या मोठ्या असतात त्यामुळे पाणी खाली उतरतं पण वर चढत नाही, बारीक मातीत नेमकं उलटं होतं. जागा उंचवट्याची निवडा आणि वरच्या अंगाला चर काढा म्हणजे वाहून येणारं पाणी थप्पीला वळसा घालून जाईल.

इथे एक चूक फार लोक करतात, जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि त्यावर थेट गठ्ठे ठेवतात. ओल अडते हे खरं, पण वरून किंवा कडेने जे थोडंफार पाणी येतं ते त्या कागदावर परातीसारखं साचतं आणि खालचा थर त्या परातीत बसून राहतो. कागद अंथरायचाच असेल तर त्यावर पॅलेट ठेवा आणि मग गठ्ठे.

आता तुमचा वरचा ओला थर. समजा तुमचा एक गठ्ठा 20 किलोचा आहे आणि त्यात 15 टक्के ओलावा आहे, म्हणजे चांगलं वाळलेलं गवत आहे असं धरू, तरी त्या एका गठ्ठ्यात 3 लिटर पाणी आहे. 300 गठ्ठ्यांत 900 लिटर! हे सगळं काही बाहेर पडत नाही, पण त्यातलं थोडं जरी रोज वाफ होऊन वर आलं तरी काय होईल बघा. दिवसा ऊन लागलं की ताडपत्री तापते, खालचं गवत तापतं, वाफ वर येते, वर प्लास्टिक असल्यामुळे अडकते, रात्री प्लास्टिक गार पडतं आणि त्याला आतून घाम सुटतो, मग तो घाम थेंब थेंब करून पुन्हा गवतावरच. पाऊस बाहेर आणि पाऊस आत. नवीन बांधलेले गठ्ठे पहिले दोन-तीन आठवडे तर जास्तच वाफ सोडतात, तुम्ही नेमकं तेव्हाच त्यांना कोंडलंत. ओल कशाने आली हे ओळखायचं असेल तर एक सोपी खूण आहे, गळतीची ओल एका जागी खोलवर जाते, घामाची ओल सगळीकडे सारखी पसरलेली आणि वरवरची असते.

तेव्हा ताडपत्रीकडे छप्पर म्हणून बघा, पाकीट म्हणून नको. छप्पर म्हटलं की उतार आला. तुमचा माथा 24 चौरस मीटरचा आणि सपाट, एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, म्हणजे 25 मिलिमीटरच्या एका सरीत तुमच्या थप्पीवर 600 लिटर पाणी पडलं. ते जाणार कुठे? गठ्ठे जसे दबतात तसा मधोमध खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, साचलेल्या पाण्याच्या वजनाने खळगा आणखी खोल होतो. 1 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर खोल डबकं म्हणजे 100 किलो वजन, एवढं ओझं झेलत कुठलीही ताडपत्री किती दिवस टिकेल?

म्हणून वरचे दोन-तीन थर निमुळते करत आणा आणि मधोमध आढं काढा, 4 मीटर रुंदीला मध्ये निदान 1 मीटर उंची तरी हवीच, जास्त झाली तर चांगलंच. ताडपत्री दोन्ही बाजूंनी उतरवा पण जमिनीपर्यंत नको, बाजूच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग झाकला तरी पुष्कळ झालं. आणि कडेला एक वासा किंवा पाइप बांधून ती कड थप्पीपासून वीतभर तरी बाहेर ठेवा, पागोळ्या गठ्ठ्यांवरून ओघळत खाली जाण्याऐवजी लांब पडल्या पाहिजेत. मग लगेच विचाराल की बाजू उघड्या राहिल्या तर झड लागेल त्याचं काय. लागेल, दोन-चार बोटं आत भिजेल आणि वारा लागला की वाळेल, त्याने काही बिघडत नाही. भिजलेलं गवत उघडं असेल तर वाळतं, कोंडलेलं असेल तर कुजतं.

आणखी एक, ताडपत्री आणि वरच्या गठ्ठ्यांच्या मध्ये सुटं काड किंवा सुट्या गवताचा हातभर थर टाका, घाम आलाच तर तो थर पिऊन घेतो आणि तेवढा फेकून दिला तरी दुःख नाही. आढ्याच्या दोन्ही टोकांना ताडपत्री अगदी बंद करू नका, आरपार वारा जाऊ द्या.

रचण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण सांगतो, सगळ्यात खालचा थर आडव्या कडेवर उभा करा म्हणजे सुतळ्या बाजूला येतील, खाली दबलेली सुतळी आधी कुजते आणि उचलायला गेलं की गठ्ठा हातात सुटतो. वरचे थर विटांच्या बांधकामासारखे, एकाच्या सांध्यावर दुसरा गठ्ठा, नाहीतर सांधे सरळ खालपर्यंत जुळले की पाण्याला नळीच मिळते आणि थप्पी ढासळायची भीती वेगळीच.

प्रश्न: काका, दरवेळी वादळ आलं की ताडपत्रीचे चिंध्या चिंध्या. कोपऱ्यातल्या रिंगा तर पहिल्याच वाऱ्यात उखडतात. कुठली घ्यावी आणि बांधावी कशी म्हणजे एक तरी सीझन निघेल?

उत्तर: ताई, ताडपत्री फाटते ती बहुतेक वेळा वाऱ्याने नाही, फडफडण्याने. ताणून बसलेली ताडपत्री मोठा वारा सहन करते पण सैल असलेली छोट्या वाऱ्यात सुद्धा दिवसरात्र आपटत राहते आणि जिथे गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर घासते तिथे भोक पडतं. आणि गंमत अशी की तुम्ही पहिल्या दिवशी कितीही कसून बांधलंत तरी ती आठ दिवसांत सैल होणारच, कारण थप्पी दबते. गठ्ठे बसतात, उंची कमी होते, दोरी तेवढीच राहते. लोक म्हणतात बांधलं होतं हो नीट, बांधलं होतंच, पण नंतर कोणी गेलं नाही तिकडे.

म्हणून दोरी खुंट्याला बांधून मोकळं होण्यापेक्षा दोरीला वजन लटकवा. पाण्याने किंवा वाळूने भरलेले कॅन, वाळूच्या पिशव्या, जुने टायर, थप्पीच्या दोन्ही अंगांना अधांतरी लोंबतील असे बांधा. थप्पी दबली की वजन तेवढंच खाली सरकतं आणि ताण तसाच राहतो, तुम्हाला जाऊन दोऱ्या आवळायला नकोत. दोरी आढ्यावरून या बाजूने त्या बाजूला टाकून दोन्ही टोकांना वजन लावलं तर अजून चांगलं, दर दीड-दोन मीटरवर एक. माशांचं किंवा शेताच्या कुंपणाचं जुनं जाळं वरून टाकलं तर फडफड जवळजवळ थांबतेच. फक्त वजन म्हणून वर दगड, विटा ठेवू नका, वाऱ्याने सरकल्या की कागद कापतात आणि कोणाच्या डोक्यात पडल्या तर तो दुसरा ताप.

रिंगांचं म्हणाल तर त्यांच्यावर भरवसा ठेवायचाच नाही. एक गुळगुळीत गोटा किंवा गवताचाच घट्ट गोळा घ्या, ताडपत्रीच्या आतून लावा, बाहेरून त्याला गळा आवळल्यासारखी दोरीची गाठ मारा. ताण एका भोकावर न येता सगळ्या कापडावर येतो आणि भोकही पाडावं लागत नाही. ही गाठ कितीही जुनी ताडपत्री असली तरी धरते, मी स्वतः ज्या ताडपत्रीच्या सगळ्या रिंगा गेल्या होत्या ती अशा गोट्यांवर आणखी दोन पावसाळे चालवली.

कुठली घ्यावी तर रंगाकडे बघू नका, जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. 100 च्या आसपासची चार-सहा आठवडे निघते, अख्खा सीझन काढायचा तर 200 च्या पुढची घ्या, आणि यूव्ही प्रोसेस केलेली आहे का ते विचारा कारण प्लास्टिक पावसाने नाही मरत, उन्हाने मरतं. उन्हात ठिसूळ झालेली ताडपत्री हाताने चुरगाळली तर पांढरी पडते आणि पापुद्रे सुटतात, ती परत वापरायच्या भानगडीत पडू नका, दिसायला धड असते पण विणीतून झिरपते. वरचा पृष्ठभाग पांढरा किंवा चंदेरी असेल तर कमी तापते आणि वर सांगितलेला घामही कमी येतो, काळी सगळ्यात जास्त तापते. आणि कोपऱ्यांवर, जिथे जिथे गठ्ठ्याची धार लागते तिथे, आधी जुनं पोतं किंवा ट्यूबचा तुकडा ठेवा. अगदी फालतू काम वाटतं, पण ताडपत्रीचं आयुष्य त्यावरच ठरतं.

दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर कौलांसारख्या, वरची खालचीवर, निदान हातभर ओव्हरलॅप, आणि वाऱ्याची नेहमीची दिशा बघून उघडी कड वाऱ्याच्या पाठीला ठेवायची.

प्रश्न: आमच्याकडे गोल मोठे गठ्ठे आहेत, जाळी गुंडाळलेले. कोणी म्हणतं गोल गठ्ठ्यावरून पाणी आपोआप ओघळतं, झाकायची गरज नाही. आम्ही खाली दोन-दोन आणि वर एक असे रचून ठेवले, जागा वाचली, पण सांध्यांमध्ये सगळं सडलं. उघडे ठेवायचे की झाकायचे?

उत्तर: ओघळतं, पण एकटा असेल तेव्हा. तुम्ही तिसरा वर चढवलात तेव्हा वरच्याचं सगळं पाणी ओघळून नेमकं खालच्या दोघांच्या खोबणीत गेलं आणि तिथून त्याला जायला वाट नाही. न झाकता पिरॅमिड रचणं म्हणजे पाण्यासाठी पन्हाळ बांधून देणं. पिरॅमिड रचायचा तर झाकायचाच, आणि झाकायचं नसेल तर एकेरी ओळ ठेवायची, यात मधला मार्ग नाही.

एकेरी ओळीत गठ्ठ्यांचे सपाट चेहरे एकमेकांना घट्ट भिडवा, लांब सॉसेजसारखी ओळ दिसली पाहिजे, पण गोल बाजू शेजारच्या ओळीला अजिबात टेकू देऊ नका. दोन ओळींमध्ये मीटरभर मोकळी जागा सोडा म्हणजे वारा आणि ऊन खाली जमिनीपर्यंत पोचेल. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन लागतं, पूर्व-पश्चिम ठेवलीत तर एक बाजू बराच काळ सावलीत राहून ओलीच राहते. उतारावर असाल तर ओळ उताराच्या दिशेने लावा, आडवी लावली की ती बांध होते आणि पाणी मागे तुंबतं.

आता झाकणं परवडतं का याचा हिशोब तुम्हीच करा, मी फक्त एक आकडा देतो, तो बघून मला स्वतःला पहिल्यांदा धक्का बसला होता. गठ्ठ्याचा व्यास 150 सेंटिमीटर आहे आणि बाहेरून फक्त 15 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभराहूनही कमी, खराब झालं असं धरा. आतला चांगला भाग उरला 120 सेंटिमीटर व्यासाचा. 120 चा वर्ग भागिले 150 चा वर्ग, 0.64. म्हणजे 36 टक्के गवत त्या वरच्या सालीत होतं! 120 सेंटिमीटरचा लहान गठ्ठा असेल तर तेवढीच साल 44 टक्के खाते आणि 180 चा असेल तर 31 टक्के. बाहेरून बघताना वाटतं जरा वरचं काळं झालंय, आत सगळं हिरवं आहे, पण गोलाचं बहुतेक गवत बाहेरच्या बाजूलाच असतं. त्यामुळे गठ्ठा जितका लहान तितकी झाकायची निकड जास्त.

तुमची जाळी आहे हे चांगलं आहे, सुतळीच्या दोन-चार वेढ्यांपेक्षा जाळीखाली काड्या सपाट बसतात आणि पाणी बरंच घसरून जातं. गठ्ठा सैल बांधला असेल तर मात्र जाळीही काही करू शकत नाही, पहिल्याच पावसात तो बसका होतो, वर सपाटी येते, जमिनीला जास्त टेकतो आणि दोन्हीकडून पाणी पितो. बोटं रुतत असतील तर असे सैल गठ्ठे वेगळे काढून सगळ्यात आधी वापरा.

प्रश्न: सर, गठ्ठे बांधून तीन आठवडे झाले. परवा पाऊस येऊन गेला आणि आता पहाटे थप्पीच्या माथ्यावरून वाफ निघताना दिसते. हात घातला तर आत गरम लागतं, वास तंबाखूसारखा गोडसर येतो. वडील म्हणतात काही नाही, उकरून मोकळं कर. काय करू?

उत्तर: बाळा, उकरू नकोस, आधी हे पूर्ण वाच. वडिलांचा सल्ला कोमट थप्पीसाठी ठीक आहे, पण तापलेल्या थप्पीत तो जिवावर बेतू शकतो.

गवत ओलं असताना त्यात सुरुवातीला वनस्पतीच्या पेशीच श्वास घेत राहतात आणि थोडी उष्णता सोडतात, त्या मेल्या की जंतू आणि बुरशी काम सुरू करतात आणि तापमान 60-70 अंशांपर्यंत नेऊ शकतात, त्यापुढे जंतूही मरतात पण तोवर रासायनिक प्रक्रिया सुरू झालेली असते आणि ती स्वतःच स्वतःला तापवत नेते. मोठ्या थप्पीच्या पोटात ही उष्णता बाहेर पडत नाही. अशा आगी बहुतेक करून गठ्ठे बांधल्यापासून दोन ते सहा आठवड्यांत लागतात, म्हणजे तुझे गठ्ठे नेमके त्याच काळात आहेत. तो तंबाखूचा, जळक्या साखरेचा वास म्हणजे गवत आत 'भाजलं' गेल्याची खूण आहे.

आधी तापमान मोज. लांब दांड्याचा थर्मामीटर मिळाला तर बरं, नाहीतर एक टोकदार लोखंडी पाइप थप्पीच्या मध्यापर्यंत घुसव आणि दोरीला बांधून थर्मामीटर त्यात सोड, 15 मिनिटांनी काढून बघ. तेही नसेल तर लोखंडी सळी अर्धा तास आत ठेवून बाहेर काढ, हातात धरवली नाही तर परिस्थिती गंभीर आहे असं समज. एकाच जागी नको, तीन-चार ठिकाणी बघ. आणि थप्पीवर थेट चढू नकोस, आत जळून पोकळी झालेली असली तर माणूस आत जातो, वर फळी टाकून त्यावरच पाय ठेव, दुसरा माणूस खाली हवाच.

50 अंशांच्या आत असेल तर घाबरायचं कारण नाही, वरची ताडपत्री काढून वारा लागू दे आणि रोज बघत राहा. 50 च्या वर गेलं तर दिवसातून दोनदा मोज, आणि चढतंय असं दिसलं तर अजून वेळ आहे तोवर गठ्ठे सुटे करून पसर. 65 ओलांडलं की धोका सुरू झाला, जनावरं, ट्रॅक्टर, डिझेल तिथून हलव आणि तासातासाने लक्ष ठेव. 80 च्या जवळ असेल तर एकाही गठ्ठ्याला हात न लावता अग्निशमन दलाला बोलव, ते पाण्याचा पाइप हातात धरून उभे असतानाच गठ्ठे काढायचे. का, तर आत आग लागण्याइतकी उष्णता आहे, फक्त हवा नाही. तू गठ्ठा ओढलास की तीच हवा आत जाते आणि भडका उडतो.

पुढच्या वेळी बांधण्याआधी ओलावा मोजत जा. लहान चौकोनी गठ्ठ्यात 18 टक्क्यांच्या आसपास चालून जातं, मोठ्या दाट गठ्ठ्यात 15-16 च्या वर नको, 20 च्या पुढे तर कुठलाच गठ्ठा रचू नये. मीटर नसेल तर मूठभर गवत पिळून बघ, काड्या कडकन मोडल्या पाहिजेत, नुसत्या वाकत असतील तर थांब. आणि सगळं गवत एकाच थप्पीत नको, दोन थप्प्या कर, एकमेकींपासून आणि घरापासून लांब, वरून विजेची तार जात नसेल अशा जागी.

प्रश्न: भिजलेले गठ्ठे जनावरांना घालावेत का? फेकायला जीव होत नाही.

उत्तर: जीव कोणाचाच होत नाही. पण भिजलेलं आणि बुरसलेलं यात फरक करा. परवाच्या सरीत भिजलं असेल तर त्याच दिवशी सुतळी कापा, गवत पातळ पसरा, उलटसुलट करून वाळवा आणि लवकर संपवून टाका, पुन्हा बांधून कोरड्या गठ्ठ्यांमध्ये अजिबात ठेवू नका, एक ओला गठ्ठा शेजारच्या चारांना घेऊन बुडतो. पाण्याबरोबर गवतातली विरघळणारी साखर वगैरे थोडी धुऊन जाते त्यामुळे पोट भरेल पण ताकद कमी मिळेल हे लक्षात ठेवा. नुसता उन्हाने रंग उडालेला असेल तर बुरशी समजून टाकू नका, त्यात जीवनसत्त्व कमी होतं, बाकी गवत चांगलं असतं.

बुरशी मात्र वेगळी गोष्ट. गठ्ठा फोडल्यावर पांढरी धूळ उडते, कोंदट वास येतो, गवताचे थर एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखे निघतात, ते घोड्याला तर कधीच नाही, घोड्याची छाती त्याला फार लवकर धरते. गाभण जनावरालाही नाही, काही बुरशींमुळे गर्भपात होतो. आणि स्वतःला जपा, ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की खोकला, ताप, दम लागणं सुरू होतं, त्याला शेतकऱ्याचं फुफ्फुस असंच नाव आहे. तोंडाला नुसता रुमाल बांधून ती धूळ अडत नाही, नीट बसणारा मास्क लागतो. असं गवत खतात टाका किंवा झाडांच्या बुडाशी आच्छादन करा, तिथे ते सोन्यासारखं वागतं.

प्रश्न: थप्पी मोठ्या झाडाखाली रचली तर निम्मा पाऊस झाडच अडवेल ना? आणि थरांमध्ये चुना टाकला तर ओल शोषून घेईल असं ऐकलं.

उत्तर: झाड पाऊस थोडाच अडवतं, बाकीचा साठवून ठेवतं, पाऊस थांबल्यावर तासभर थेंब गळत राहतात, ऊन मात्र पूर्ण अडतं, वर पानं आणि फांद्या पडून ताडपत्रीला भोकं. वीज पडायची भीती वेगळी. मोकळ्यावरच रचा. चुन्याचं तर डोक्यातून काढूनच टाका, न भिजवलेला चुना पाण्याला भेटला की उकळतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय, तो तुम्ही गवताच्या पोटात घालायला निघालात!

प्रश्न: काका, सगळं नीट रचलं, झाकलं, पण रोज दोन-चार गठ्ठे काढावे लागतात. रोज ताडपत्री उघडायची, परत बांधायची, पंधरा दिवसांत सगळा अवतार होतो. यावर काही उपाय?

उत्तर: ताई, वरून काढू नका, टोकाकडून काढा. थप्पी रचतानाच ठरवायचं की खाणं या टोकाकडून सुरू होणार, ते टोक वाऱ्या-पावसाच्या पाठीला असावं. त्या टोकाला वरपासून खालपर्यंत उभा काप घेत जा, पावाची लादी कापतो तसा, म्हणजे एका वेळी मीटरभरच लांबी उघडी पडते आणि आढ्याचा उतार मागे तसाच राहतो. खालचे ओढून वरचे पाडायचा आळशीपणा करू नका, वरचे आठ-दहा गठ्ठे एकदम अंगावर आले तर माणूस दबतो, पायऱ्या पायऱ्या ठेवत वरूनच उतरवा. ताडपत्री एकच मोठी घेण्याऐवजी आडव्या तीन-चार घेतल्यात तर पुढची संपली की ती घडी करून बाजूला, मागच्यांना हात लावायची गरज नाही. वर ओव्हरलॅपची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला ठेवा म्हटलं होतं, पण रोज काढायचं असेल तर तो नियम सोडा, खाण्याच्या टोकाची ताडपत्री सगळ्यात वर यायला हवी, नाहीतर ती काढायला मागची सगळी सोडावी लागेल. मी हे एकदा उलट घातलं होतं आणि भर पावसात चार ताडपत्र्या सोडून परत बांधत बसलो होतो, तेही अंधारात.